चाळिशीचा नंबर आणि निसटलेले अनुस्वार

‘मुलांच्या शिक्षणाची त्यांना सतत चिता असे.’

एका स्मरणिकेत हे वाक्य असंच छापून गेलं. चिता आणि चिंता यांत फरक फक्त एका टिंबाचा, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण ते टिंब ज्यांच्या नजरेतून निसटलं, त्या बाई सत्तावीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करत होत्या. प्रकाशकाने फारसं मनावर घेतलं नाही, त्यांनी मात्र घेतलं. मागच्या सहा महिन्यांची प्रुफं काढून बसल्या आणि सुटलेल्या चुका मोजल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका जवळपास नव्हत्याच. सुटले होते ते अनुस्वार, रफार आणि काही उकार. ‘म्हणजे व्याकरण शाबूत आहे, डोळे दगा देतायत,’ असं निदान स्वतःच करून त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या.

निदान निम्मं बरोबर होतं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणं हे माझं रोजचं काम. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात एक चूक त्यांची होती, एक माझी, आणि दोन्ही एकाच जातीच्या होत्या. त्यांचं नाव देत नाही. समोर ‘ताई’ म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

ताईंचं वय ५२. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कुठलं औषध चालू नाही. लांबचा चष्मा आयुष्यात कधी लागला नव्हता, याचा थोडा अभिमानही होता. त्रेचाळिसाव्या वर्षी वर्तमानपत्र हात लांब करून धरावं लागायला लागलं, तेव्हा त्यांनी प्लस एकचा रेडीमेड चष्मा घेतला. दोनेक वर्षांनी दीडचा, मग दोनचा, आणि शेवटी अडीचचा. हे चारही चष्मे त्यांनी पर्समधून काढून माझ्या टेबलावर एका ओळीत मांडले. अडीचच्या डाव्या काचेवर नंबरच्या स्टिकरचा चिकटपणा अजून तसाच होता.

‘निवडायचात कसा?’

‘लावून बघायचा. ज्यात अक्षर मोठं आणि काळं दिसेल तो घ्यायचा.’

नऊ वर्षांत डोळे एकदाही तपासलेले नव्हते. तक्रारी अशा: सकाळी ठीक असतं, दुपारनंतर अक्षर फुटायला लागतं. भुवयांच्या वर जडपणा येतो. स्क्रीनवर काम करताना नकळत पुढे झुकलं जातं आणि संध्याकाळी मान धरते. दिवेलागणीनंतर प्रूफ हातात घ्यायलाच नको वाटतं. आता पावणेतीनचा किंवा तीनचा चष्मा घ्यावा की काय, हा त्यांचा प्रश्न होता.

इथे थोडं मागे जायला हवं. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं आणि त्याला वेढून स्नायूचं एक कडं असतं. लांब बघताना कडं सैल असतं, भिंग दोऱ्यांनी ताणलेलं आणि चपटं असतं. जवळ बघायचं झालं की कडं आवळतं, दोऱ्या सैल पडतात आणि भिंग आपोआप फुगीर होतं. फुगीर भिंगाची ताकद जास्त, म्हणून जवळचं स्पष्ट दिसतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण ढोबळमानाने आजही टिकून आहे. वय वाढतं तसं भिंग कडक होत जातं. स्नायू आवळतो, दोऱ्या सैल पडतात, पण भिंग फुगायला तयार नसतं. चाळिशी ती हीच. मराठीत त्या वयालाही चाळिशी म्हणतात आणि नाकावरच्या चष्म्यालाही. याहून नेमका शब्द मला दुसऱ्या भाषेत भेटलेला नाही.

ही फुगण्याची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. हिशेब सरळ आहे: एक मीटरला अंतराने भागायचं. ५० सेंटिमीटरवरचं वाचायला २ डायॉप्टर लागतात, ४० सेंटिमीटरवरचं वाचायला अडीच, ३३ वर ३. कुठल्या वयात किमान किती ताकद शिल्लक असावी याचं हॉफस्टेटर या अमेरिकी ऑप्टोमेट्रिस्टने दिलेलं एक सूत्र आम्ही वापरतो: १५ मधून वयाचा पाव भाग वजा करायचा. दहा वर्षांच्या मुलाकडे किमान साडेबारा, ५२ व्या वर्षी किमान २. ताईंची ताकद मोजली तेव्हा नेमकी २ निघाली, म्हणजे वयाला धरून होती. आणि ही सगळीच्या सगळी दिवसभर खर्च करता येत नाही. निम्मी हातची राखावी लागते, नाहीतर दुपारपर्यंत डोळे दमतात. म्हणजे ताईंच्या हाती खर्चायला १ डायॉप्टर. बाकीचं काचेने पुरवायचं.

बारकाईने पाहिलं तर या हिशेबात वयाइतकंच अंतरही आहे. किती जवळचं वाचायचंय हे ठरल्याशिवाय काच किती ताकदीची हवी हे सांगताच येत नाही. चष्म्याच्या स्टँडवर मात्र नुसता नंबर लिहिलेला असतो, आणि ‘या वयाला हा नंबर’ अशी कोष्टकंही फिरत असतात. त्यांत अंतराचा उल्लेख क्वचितच असतो.

मी आधी लांबचा नंबर काढला, कारण जवळचा नंबर त्याच्यावर चढवायचा असतो. उजव्या डोळ्याला प्लस अर्धा निघाला. डाव्या डोळ्याला प्लस पाऊण आणि ९० अक्षावर मायनस एकचा सिलिंडर. ‘लांबचं छान दिसतं’ हा अभिमान उजव्या डोळ्याच्या जिवावर चालला होता.

सिलिंडर म्हणजे डोळा आडव्या आणि उभ्या रेघा एकाच ठिकाणी स्पष्ट करू शकत नाही. तरुणपणी बहुतेकांत हा दोष असलाच तर एका दिशेचा असतो, वयानुसार तो दुसऱ्या दिशेला झुकतो. ताईंचा त्या दुसऱ्या प्रकारचा होता. हे समजावून सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. त्यांचा अडीचचा चष्मा त्यांच्याच डोळ्यांवर ठेवला, उजवा डोळा झाकला आणि त्यांनी आणलेलं प्रूफ हातात दिलं.

‘आता पान हळूहळू पुढे-मागे करा. काना आणि शिरोरेषा, दोन्हींकडे बघा.’

त्यांनी पान लांब धरलं, मग जवळ आणलं, परत लांब नेलं. मग थांबल्या. ‘लांब धरलं की शिरोरेषा कापल्यासारखी दिसते आणि काने पसरतात. जवळ आणलं की काने टोकदार, आणि शिरोरेषा... वर-खाली फुगते.’

‘तिच्यावरचं टिंब?’

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पान नाकाशी नेऊन एका ओळीवर बोट फिरवत राहिल्या. ‘शिरोरेषेतच बुडालंय हो,’ त्या म्हणाल्या.

हेच होत होतं. अडीचची काच डाव्या डोळ्याच्या एका दिशेला पावणेदोनचं काम करत होती आणि दुसऱ्या दिशेला पावणेतीनचं. म्हणून डोळा सैल असताना आडव्या रेघा ५७ सेंटिमीटरवर स्पष्ट आणि उभ्या रेघा ३६ वर. पान जवळ धरलं की शिरोरेषा वर फुगून अनुस्वार आणि रफार गिळते, खाली उकारांवरही छाया पडते. ऱ्हस्व-दीर्घाची वेलांटी मोठी असते, ती वाचते. अनुस्वार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तो जातो. रोमन लिपीत अक्षरांच्या डोक्यावरून अशी सलग रेघ जात नाही, त्यामुळे तिथे हा दोष इतका नेमका टिंबावर बसत नाही. देवनागरी वाचणाऱ्याने सिलिंडरकडे काणाडोळा करू नये असं मला तेव्हापासून वाटतं. उजवा डोळा उघडा असताना हे कळत नाही, कारण तो स्वच्छ चित्र देत असतो आणि मेंदू दोन्हींची मोट बांधतो. पण एक स्वच्छ आणि एक फुगलेलं अशी मोट दिवसभर बांधत राहणं हेच दुपारचं ‘अक्षर फुटणं’.

ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे काचा बदलून बघायच्या तपासणीच्या चौकटीत, डावीकडे सिलिंडरची काच टाकली आणि फिरवत ९० वर आणली. टिंब शिरोरेषेपासून सुटं झालं. ताईंनी पान खाली ठेवलं नाही, ते पूर्ण वाचून काढलं आणि जाता जाता दोन चुका दाखवल्या.

रेडीमेड चष्म्यात सिलिंडर नसतो, आणि दोन्ही काचांचा नंबर एकच असतो. तिसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. काचेचा मध्यबिंदू बाहुलीसमोर यावा लागतो. ताईंच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर लांब बघताना ६१ मिलिमीटर होतं आणि वाचताना ५८, कारण वाचताना डोळे आत वळतात. त्यांच्या अडीचच्या चष्म्यातले मध्यबिंदू मी मोजले, ते ६४ वर होते. फरक सहा मिलिमीटर. नंबराला सेंटिमीटरमधल्या फरकाने गुणलं की काच किती प्रिझमसारखी वागते ते कळतं: अडीच गुणिले ०.६, म्हणजे दीड. एवढा प्रिझम डोळ्यांना गरजेपेक्षा जास्त आत वळायला लावतो. पाच मिनिटं पत्र वाचण्यापुरता तो जाणवत नाही. आठ तास प्रूफ वाचणाऱ्या माणसाच्या कपाळावर तो बसून राहतो.

हे सगळं लिहिताना रेडीमेड चष्म्याला मोडीत काढायचा माझा विचार नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा, सिलिंडर नाही, बाहुल्यांमधलं अंतर सरासरीइतकं आणि वाचन थोडा वेळ, अशा माणसाला तो व्यवस्थित चालतो आणि त्याने डोळ्यांचं काहीही बिघडत नाही. आसाममधल्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साधे जवळचे चष्मे मिळालेल्यांची पानं खुडण्याची उत्पादकता, ते न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली होती. चष्मा नसण्यापेक्षा साधा चष्मा असणं कितीतरी बरं. खरा तोटा वेगळा आहे. स्टँडवरून चष्मा घेतला की डोळ्यांची तपासणी राहून जाते, आणि नेमक्या याच वयात काचबिंदू चोरपावलांनी यायला लागतो. त्यात दुखत नाही, सुरुवातीला नजर मधोमध स्वच्छ असते, कडेकडेने कमी होत जाते. गेलेली नजर परत येत नाही. म्हणून ताईंना मी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. डोळ्यातला दाब उजवीकडे १६, डावीकडे १५, डोळ्याचे पडदे आणि नसा ठीक, मोतीबिंदूची सुरुवात नाही. नऊ वर्षं नशिबावर सोडलेली गोष्ट सुदैवाने चांगली निघाली. मधुमेह असता तर मी नंबर लगेच दिलाही नसता. साखर वर-खाली होत असताना नंबरही वर-खाली होतो, ती काही आठवडे स्थिर राहिल्यावरच चष्मा करायचा असतो.

आता माझी चूक.

माझ्या खुर्चीत बसून ताईंनी वाचनाचा तक्ता धरला तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा, हात कोपरात दुमडून, बरोबर ४० सेंटिमीटरवर. चाळीस सेंटिमीटरला अडीच लागतात, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं, उरलं दीड. ‘कॉम्प्युटरवर काम असतं का?’ विचारलं. ‘थोडंफार,’ त्या म्हणाल्या. लांबचा थोडा नंबर, जवळचा दीड, मध्ये कॉम्प्युटर, आणि चष्मे बदलत बसायचा कंटाळा. उत्तर पाठ असल्यासारखं आलं: प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा आणि मध्ये हळूहळू बदलत जाणारा. मी सिलिंडर नीट घातला, मध्यबिंदू नीट घेतले, फ्रेम पुरेशी खोल निवडायला लावली, जिना उतरताना मान खाली घालायची हेही समजावलं. अकराव्या दिवशी त्या परत आल्या.

‘सर, रस्त्यावरून चालताना मजा येते. पाट्या इतक्या स्वच्छ कधी दिसल्या नव्हत्या. पण कामाला जुना अडीचचाच लावते.’

मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा मनात आलं ते नेहमीचंच, ‘सवय व्हायला दोन आठवडे लागतात.’ बऱ्याच जणांना लागतातही. पण तसं सांगून परत पाठवण्याऐवजी मी त्यांच्या हातात शिवणकामाची टेप दिली आणि घरी जाऊन, काम चालू असताना, दुसऱ्या कुणाकडून तीन अंतरं मोजून घ्यायला सांगितलं: नाकापासून प्रुफापर्यंत, नाकापासून स्क्रीनपर्यंत, आणि टेबलावर पसरलेल्या कागदांची डावीकडून उजवीकडे रुंदी. शिवाय टेबलाचा एक फोटो, संध्याकाळी, नेहमीचा दिवा लावून.

उत्तरं आली: प्रूफ ३६ सेंटिमीटर, स्क्रीन ६५, कागदांची रुंदी ४२.

या तीन आकड्यांत सगळं होतं. ३६ सेंटिमीटरला पावणेतीनहून किंचित जास्त ताकद लागते. माझ्या दीडच्या काचेने उरलेलं सव्वाहून जास्त त्यांच्या डोळ्यांवर टाकलं होतं, म्हणजे हातची राखायची निम्मी ताकदही मोडायला लावली होती. आणि ४२ ही रुंदी म्हणजे दोन पानं शेजारी-शेजारी: डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे प्रूफ. एक ओळ इकडे, तीच ओळ तिकडे, असं दिवसभर. ३६ सेंटिमीटरवरून ४२ रुंदीच्या दोन्ही टोकांना बघायचं तर डोळा मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला जवळजवळ तीस अंश फिरतो. प्रोग्रेसिव्हमध्ये वाचायची जागा खाली मधोमध असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धूसर पट्टे असतात. तो बनावटीतला दोष नाही, गणित आहे. गुंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने १९६३ मध्ये दाखवून दिलं, की काचेची ताकद वरून खाली ज्या वेगाने बदलते त्याच्या दुप्पट वेगाने बाजूंना नको असलेला सिलिंडर वाढत जातो. महागड्या काचेत तो पसरवता येतो, हलवता येतो, काढून टाकता येत नाही. सिलिंडरने बेजार झालेल्या बाईंना मी बाजूंनी सिलिंडर असलेली काच दिली होती. आणि स्क्रीनसाठी त्यांना वापरावी लागत होती ती काचेची मधली, सर्वांत अरुंद जागा, तीही हनुवटी वर करून. मान पूर्वी पुढे झुकून दुखायची, आता मागे ताणून दुखत होती.

त्यांनी नऊ वर्षं अक्षर मोठं दिसतंय की नाही ते पाहिलं, अंतर पाहिलं नाही. मी अंतर पाहिलं, पण माझ्या खुर्चीतलं.

त्यांच्या अडीचच्या चष्म्याचं कोडंही याच आकड्यांत उलगडलं. उजव्या डोळ्याचा लांबचा अर्धा वजा केला की त्या काचेची जवळची ताकद उरते २. म्हणजे उजव्या डोळ्याला ५० सेंटिमीटरच्या पलीकडचं काहीच स्पष्ट दिसू शकत नाही, कितीही प्रयत्न केला तरी. स्क्रीन ६५ वर. म्हणून अंगच पुढे जायचं. नंबर वाढवत गेलं की अक्षर मोठं दिसतं ते खरं, पण स्पष्ट दिसण्याची मर्यादा जवळजवळ येत जाते, पान आणखी जवळ आणावं लागतं, जवळ आणलं की डोळ्यांवर ताण, ताण आला की पुन्हा वाटतं नंबर वाढला. ताई एक ते अडीच अशा चढत गेल्या त्यातली निदान एक पायरी या फेऱ्याची होती.

आणखी एक पायरी दिव्याची. फोटोत ट्यूब ताईंच्या पाठीमागे, भिंतीवर, आणि त्यांच्याच डोक्याची सावली प्रुफावर. उजेड कमी असला की बाहुली मोठी होते आणि थोडासा चुकलेला फोकसही पसरट दिसतो. उजेड वाढला की बाहुली बारीक होते आणि तोच चुकलेला फोकस खपून जातो. उन्हात चष्म्याशिवाय औषधाच्या पट्टीवरचं वाचता येतं आणि रात्री येत नाही, त्याचं कारण हेच. शिवाय वयानुसार बाहुली मुळातच आक्रसते आणि भिंग पिवळसर होतं, त्यामुळे आत पोचणारा उजेड तरुण डोळ्याच्या मानाने बराच कमी असतो. मी ताईंसमोर तक्ता धरून खोलीतला दिवा मंद केला, मग वाचनाचा दिवा जवळ ओढला. त्याच काचेतून दोन ओळी आणखी खालपर्यंत वाचता आल्या. दिवा कागदापासून निम्म्या अंतरावर आणला की कागदावर उजेड सुमारे चौपट पडतो. फक्त तो लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने यायला हवा, नाहीतर पेनची सावली नेमकी शब्दावर पडते.

दुसऱ्या खेपेला मी ट्रायल फ्रेम चढवून ताईंना टेबलाशी बसवलं, त्यांची मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी-शेजारी ठेवलं, नाकाशी टेप लावली, आणि ३६ वर पावणेदोन चढवलं. पावणेतीनमधून त्यांचं एक वजा, तेवढंच. दोन घातल्यावर अक्षर आणखी काळं वाटलं, त्या लगेच म्हणाल्या, ‘हे जास्त चांगलं.’ पान ४५ पर्यंत मागे नेऊन वाचायला लावलं आणि तीच गोष्ट पावणेदोनमध्ये केली. मागे नेल्यावर पावणेदोन आरामात, दोन जरा ओढून. मी पावणेदोनवर ठाम राहिलो. दोन नंबर सारखेच चांगले वाटत असतील तर कमीचा घ्यावा, कारण तो मागे-पुढे जास्त मोकळीक देतो.

शेवटी चष्मे दोन ठरले. प्रुफांसाठी साधा, एकाच नंबरचा, पूर्ण काच वाचनाची. उजवीकडे अर्धा अधिक पावणेदोन म्हणजे सव्वादोन, डावीकडे अडीच आणि सिलिंडर, मध्यबिंदू ५८ वर. दिसायला म्हातारा, त्यांच्या शब्दांत ‘मास्तरणीचा’, पण ४२ सेंटिमीटर या टोकापासून त्या टोकापर्यंत मान न हलवता स्वच्छ. स्क्रीनच्या दिवसांसाठी ऑफिस लेन्स: खाली तेच पावणेदोन, वर जाताना फक्त एकने कमी होऊन पाऊण. ताकदीतला बदल कमी असल्यामुळे बाजूचा धूसरपणाही कमी. ६५ वरच्या स्क्रीनला लागतं साधारण दीड, काचेतून पाऊण, उरलेलं पाऊण ताईंचं, खर्चायच्या एकाच्या आत. या चष्म्यात साधारण सव्वा मीटरच्या पलीकडचं धूसर दिसतं, त्यामुळे तो लावून चालायचं नाही, जिना तर मुळीच नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या खाली उतरवायला लावली. प्रोग्रेसिव्ह वाया गेला नाही. बाहेर जाताना, सभा-समारंभात, पाट्या वाचायला तो आहेच.

बायफोकल का नाही, असं एका सहकाऱ्याने विचारलं. वर लांब आणि खाली जवळ, अशा दुहेरी चष्म्याचं वर्णन बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ च्या पत्रात केलंय, आणि आजही काहींना तोच सोयीचा पडतो. पण त्यात ६५ सेंटिमीटर कुठेच नसतं. ताईंचा निम्मा प्रश्न तिथेच होता.

निळ्या प्रकाशाचं कोटिंग ताईंनी स्वतःहून मागितलं. मी नको म्हणालो. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने सतरा चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत स्क्रीनसमोरचा डोळ्यांचा थकवा अशा काचांमुळे साध्या काचांपेक्षा कमी होतो असं काही दिसलं नाही. परावर्तन रोखणारं साधं कोटिंग मात्र घ्यायला लावलं, दिवा समोर आल्यावर काचेत तो चमकतो म्हणून.

निघताना त्यांनी एक प्रश्न विचारला, जो जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ‘मी चष्मा लवकर लावला म्हणून नंबर वाढत गेला का? माझी बहीण पन्नाशीपर्यंत बिनचष्म्याची होती.’ बहिणीला लांबचा थोडा मायनस नंबर आहे का, असं मी उलट विचारलं. आहे, मायनस दोन. मग कोडं सुटलं. मायनस दोनवाला माणूस लांबचा चष्मा काढून ठेवला की ५० सेंटिमीटरवरचं काही न करता वाचू शकतो, त्याच्या डोळ्यातच वाचनाचा चष्मा बसवलेला असतो. भिंग दोघींचंही सारखंच कडक झालं. चष्मा लावल्याने ते लवकर कडक होत नाही, न लावल्याने मऊ राहत नाही. ताईंचा जवळचा नंबर अजून थोडा वाढेल, पण कायम वाढत राहणार नाही. साठीच्या आसपास स्वतःची ताकद जवळपास संपते आणि ४० सेंटिमीटरला अडीचपेक्षा जास्त काही लागतच नाही, म्हणून बहुतेकांचा जवळचा नंबर तिथे थांबतो. त्यानंतर एखाद्या सकाळी चष्म्याशिवायच वाचता यायला लागलं तर पेढे वाटायची घाई करू नका, असंही मी त्यांना सांगितलं. भिंगाचा गाभा घट्ट होऊन मायनस नंबर येतो, तो बऱ्याचदा मोतीबिंदूचा पहिला निरोप असतो.

सहा आठवड्यांनी ताई पुन्हा आल्या. कपाळाचा जडपणा गेलेला, मान अधूनमधून. सहा महिन्यांपूर्वीचंच एक प्रूफ त्यांनी नव्या चष्म्याने वाचलं होतं आणि सुटलेले अनुस्वार सगळे सापडले म्हणून खूश होत्या. मी हरकत घेतली: एकदा माहीत झालेली चूक डोळा विसरत नाही, हा पुरावा कच्चा आहे. त्यांनी मान्य केलं, आणि म्हणाल्या की नव्या कोऱ्या प्रुफांची मोजणी पुढच्या सहा महिन्यांनी करून कळवीन. ती मोजणी अजून यायची आहे. मी फाईलवर पुढच्या तपासणीची तारीख घातली, दोन वर्षांनंतरची, आणि खाली लिहिलं: ३६, ६५, ४२, टेप पुन्हा लावणे.

चार रेडीमेड चष्म्यांपैकी तीन त्यांनी देऊन टाकले. अडीचचा ठेवला. बोटात कुसळ गेलं की तो लागतो, कारण तेव्हा बोट नाकापासून पंचवीस-तीस सेंटिमीटरवर येतं.